दुसरं टेबल

आंबिवली,
१९ नोव्हेंबर २०२३

माये,

फोनवर आपलं बोलणं 'हॅलो, ऐकू येतंय का' इथेच संपतं. मागच्या वेळी तर तुझा आवाज इतका बारीक येत होता की तू तोंडावर पदर धरून बोलतेयस असं वाटलं. शिवाय मला जे विचारायचंय त्यात आकृती आहे, ती फोनवर काढता येत नाही. म्हणून कागद घेतला.

बातमी अशी की राखीपौर्णिमेला गोविंदादाने ओवाळणीच्या ताटात किल्ली ठेवली. भाताच्या गोदामाची. मला आधी कळेचना. तो म्हणाला, आई गेल्यापासून तू नुसती ओटीवर बसून असतेस, जा, तुझी ती छपाई कर पुन्हा. वहिनीने मान हलवली म्हणजे दोघांचं आधीच ठरलेलं होतं. शेत आता उरलंय किती, तेवढं भात घरात मावतं. गोदाम मोकळंच पडलं होतं.

मोकळं म्हणजे तसं नाही. कोपरीची खोली सोडली तेव्हा टेम्पोने आणलेलं आपलं सगळं सामान मागच्या भिंतीला तसंच होतं. गोणपाट उचललं तर खाली आपलं छपाईचं यंत्र उभं. तुला वाटत असेल मी ते कधीच भंगारात घातलं. नाही घातलं. चाक गंजून बसलं होतं. मी आणि दादा रोज थोडं रॉकेल, थोडं तेल सोडत गेलो, आणि एका सकाळी ते कुरकुरत फिरलं. तो आवाज ऐकला आणि मी तिथेच पोत्यांवर बसले. एकदम सगळी खोली डोळ्यांसमोर आली बघ. खाली पिठाची गिरणी, वर आपण दोघी, कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या. गिरणी सुरू झाली की जमीन थरथरायची आणि ओल्या शाईवर पीठ येऊन बसायचं. म्हणून आपण लाकूड कोरायचो एरवी, आणि छापायचो गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी. खिडकीतून मिठागरं दिसायची. तू म्हणायचीस, दर्शना, समोरचं पांढरं आपल्याला फुकट मिळालंय, कोरून तरी घे.

तेच कोरतेय आता. ती खिडकी आणि मिठाचे ढीग. डोंबिवलीच्या कारखान्यात साड्यांची डिझाइनं काढता काढता नोकरी संपली, मग आईचं आजारपण. इतक्या वर्षांनी हातात पटाशी धरली तर सुरुवातीला बोटं ऐकत नव्हती, आता ऐकतात.

अडचण वेगळी आहे. गोदाम मोठं, सामान भरपूर, आणि काम होत नाही. शाई लावायला घेतली की रोलर दुसऱ्या टोकाला असतो. रोलर आणला की चिंधी सापडत नाही. दिवसभर चालते आणि संध्याकाळी पाहावं तर काहीच झालेलं नसतं. कोपरीची एवढीशी खोली तू लावली होतीस आणि त्या खोलीत मला कधी काही शोधावं लागलं नाही. ही पण लावून दे. आकृती मागे काढली आहे. दार नदीच्या बाजूला, खिडकी एकच, नळ बाहेर. आपली दोन्ही टेबलं आहेत, तुझ्या कागदांचं आणि माझ्या शाईचं. कुठे काय ठेवू ते सांग.

आणि आकृतीवर भागणार नाही, तू ये. ठाणे ते आंबिवली म्हणजे काही परदेश नाही.

तुझी
दर्शना


नौपाडा, ठाणे,
२८ नोव्हेंबर २०२३

प्रिय दर्शना,

पत्र आनंदने टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाला, "बायकोबाई, कुणाचं आहे ते अक्षरावरून ओळख." तुझं अक्षर अजून तसंच आहे, पटाशीने कोरल्यासारखं.

यंत्र आहे हे वाचून काय वाटलं ते लिहायला बसले तर पत्र मोठं होईल. मी खरंच धरून चालले होते की ते गेलं. शाळेत चित्रकला शिकवत असताना मुलांना बटाट्याचे ठसे करून छपाई दाखवायचे, तेव्हा दर वर्षी आपल्या यंत्राची आठवण यायची. मुलं विचारायची, "बाई, तुमचं मशीन कुठे आहे?" मी म्हणायचे, मैत्रिणीकडे. तेवढं तरी खरं निघालं.

आता गोदामाचं. इतक्यात काहीही हलवू नकोस. कोपरीत मी खोली हुशारीने लावली असं तुला वाटतं, पण मी फक्त तुला काम करताना बघत होते. तू कुठे वळतेस, कुठे हात पुसतेस, कुठे थांबून शिव्या देतेस ते बघून वस्तू तिथे नेऊन ठेवत होते. म्हणून आधी आहे त्या पसाऱ्यातच एक छाप काढ. पूर्ण काढ. लाकडाला शाई लावण्यापासून छापलेला कागद दोरीवर वाळत घालण्यापर्यंत. खिशात खडू ठेव आणि जिथे जिथे तुला थांबावं लागेल तिथे जमिनीवर फुली मार. मग मला फुल्यांसकट आकृती पाठव.

एवढं मात्र आत्ताच सांगते. शाई आणि कागद शेजारी ठेवू नकोस. मधे यंत्र येऊ दे. आणि नळ बाहेर आहे तर आत पाण्याची बादली दाराजवळ नको, जिथे हात काळे होतात तिथे हवी.

तुला आठवतं, आपण वाटून घेतलं होतं. तू शाईचे हात, मी कागदाचे हात. छापायच्या दिवशी तू कागदाला शिवायचं नाही आणि मी शाईला. चहाचा कपसुद्धा तू धरायची नाहीस, कपाला डाग लागतील म्हणून मीच तुझ्या तोंडाला कप लावायचे. कोऱ्या कागदाचे दोन कोपरे चिमटीत धरून लाकडावरच्या खुणांवर अचूक सोडायचा, ना इकडे ना तिकडे. ते माझं काम. इतर कशाचा नसेल, पण त्याचा मला गर्व होता.

येण्याचं सध्या जमेल असं वाटत नाही. सोनलला डोंबिवलीहून येऊन नातीला, सान्वीला, माझ्याकडे सोडून कामावर जावं लागतं, तिचे शाळेचे दिवस आहेत. बघू पुढे.

तुझी
माया


आंबिवली,
२० डिसेंबर २०२३

माये,

आधी एक तक्रार. तुझं पत्र मी खिडकीशी नेऊन वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं, शेवटी पुतण्याने, मयूरने, मोबाइलमध्ये फोटो काढून अक्षरं मोठी करून दिली. एवढं मुंगीसारखं कधीपासून लिहायला लागलीस? सुरुवातीच्या ओळी तरी बऱ्या, शेवटी शेवटी तर नुसत्या रेघा. कागद वाचवतेस का? फळ्यावर ठसठशीत लिहिणारी बाई तू.

तू सांगितलंस तसं केलं. एक छाप काढली, खडू खिशात. मागे आकृती आहे, फुल्या बघ. शाईच्या टेबलाजवळ दोन-चारच आहेत. खरा फुल्यांचा ढीग आहे तो यंत्र आणि कागदांचं टेबल यांच्या मधे. शाई लावून झाली की मी तिथे जाऊन उभी राहत होते. हात काळे, कागद समोर, आणि कागदाला हात लावायचा नाही. मग बाहेर जा, नळावर हात धू, वाळव, परत ये, तोवर लाकडावरची शाई सुकलेली. पुन्हा शाई लावा, पुन्हा हात काळे. दादा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "तुझा निम्मा वेळ हात धुण्यात जातो गं, हे काम एका माणसाचं नाहीच."

शेवटी तसाच धरला कागद. छाप बरी आली, पण मिठाच्या ढिगांवर माझ्या अंगठ्यांचे ठसे. तेच तर पांढरं राहायला हवं होतं.

मला तेव्हा कळलं की तू लावलेली खोली दोघींसाठी लावलेली होती. मी इतके दिवस समजत होते की जागा सोयीची होती. जागा कसली सोयीची, तू होतीस.

आई शेवटी शेवटी माणसं विसरायला लागली, पण तुझं नाव नाही विसरली. "ती कागदवाली नाय आली? कवा येल गो?" असं विचारायची. मीही तेच विचारतेय. संक्रांतीला ये. सोनलला म्हणावं एक दिवस सुट्टी काढ. वहिनी तांदळाच्या भाकऱ्या करील, उन्हात बसू, मग तू गोदाम लाव.

दर्शना


नौपाडा,
७ जानेवारी २०२४

प्रिय दर्शना,

या वेळी आनंदला सांगून हे पत्र टाइप करून घेतलं आहे, म्हणजे तुझ्या डोळ्यांना त्रास नको. टाइप केलेलं पत्र कोरडं वाटतं हे मला माहीत आहे.

फुल्या पाहिल्या. अडचण समजली. एका माणसाने छापायचं असेल तर त्याची रीत आहे. जाड कागदाच्या छोट्या पट्ट्या कापून मधे दुमड आणि त्यांच्या चिमटीत कोरा कागद धर, म्हणजे बोटं लागणार नाहीत. पट्ट्यांची डबी यंत्राच्या डाव्या हाताला टांग. बादली यंत्राच्या पायाशी घे. कागद आदल्या दिवशीच कापून, मोजून, यंत्राच्या मागे फळीवर रचून ठेव, म्हणजे चालावं लागणार नाही. छापलेले कागद वाळवायची दोरी खिडकीच्या बाजूला नको, वारा येतो. आतल्या भिंतीला लाव.

असं केलंस तर कागदांच्या टेबलाचं तिथे काही काम उरत नाही. ते दुसरं टेबल काढून टाक. घरात वापर किंवा कुणाला देऊन टाक. एकट्या माणसाला दोन टेबलं लागत नाहीत, उगाच वळसा पडतो.

संक्रांतीला जमणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस.

माया


आंबिवली,
२४ जानेवारी २०२४

माया,

तुला जमणार नव्हतं म्हणून संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मीच नौपाड्याला आले. आनंदने सांगितलं असेल. दार त्याने उघडलं. म्हणाला, माया जरा आडवी झालीय. मी म्हटलं, झोपू दे, थांबते. त्याने चहा केला. आम्ही बोललो, तुमची इमारत पाडून नवी बांधणार आहेत त्याबद्दल, रस्ते खणलेत त्याबद्दल. आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. आत कपाट उघडल्याचा आवाज आला, काहीतरी पडल्याचा आवाज आला. आनंदने मान खाली घातली. झोपलेलं माणूस कपाट उघडत नाही. मी तिळाच्या वड्या ठेवल्या आणि निघाले.

रिक्षा न करता स्टेशनपर्यंत चालत गेले. पुलावरून कोपरीला उतरले. गिरणी नाही तिथे आता, वरची खोली नाही. मिठागरांच्या दिशेला उंच इमारती. थोडा वेळ उभी राहिले आणि परत फिरले.

तुझ्या पत्राप्रमाणे पट्ट्या केल्या, बादली हलवली, दोरी हलवली. सगळं उपयोगाचं आहे, आभार. टेबल काढलेलं नाही. ते तुझं आहे, न्यायचं असेल तर घेऊन जा. आणि यायचं नसेल तर तसं सरळ लिही. सान्वीवर ढकलू नकोस. दारात ती मला भेटली, डबा घेऊन क्लासला निघाली होती. केवढी उंच झालीय. तिला सांभाळायला आता कुणी लागत नाही.

दर्शना


नौपाडा,
३ मार्च २०२४

प्रिय दर्शना,

हे पत्र मी हाताने लिहिते आहे. पहिलीच्या मुलांची चार रेघांची वही असते ना, तिच्या पानांवर. मोठं लिहायचं असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. लिहिता लिहिता अक्षर आपोआप बारीक होत जातं, मला कळतही नाही. मग थांबायचं, हात मांडीवर ठेवायचा, पुन्हा मोठ्या अक्षरात सुरू करायचं. म्हणून रोज थोडं थोडं लिहिते आहे. तुझ्या पत्राला इतके दिवस उत्तर आलं नाही ते रागाने नव्हे.

मला पार्किन्सन आहे. दोन वर्षं होत आली. आपल्याकडे कंपवात म्हणतात तो. आधी उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला, भाजी निवडताना, टीव्ही बघताना. मग अक्षर गेलं. मग आवाज. तू म्हणालीस ना, पदर धरून बोलतेयस असं वाटलं. मी त्या दिवशी ओरडून बोलत होते गं.

त्या दिवशी मी झोपले नव्हते. बेल वाजली आणि तुझा आवाज मी ओळखला. घरात मी हल्ली गाऊनमध्ये असते, साडी जमत नाही. पण तुझ्यासमोर तसं यायचं नव्हतं. मी आनंदला सांगितलं, तिला थांबव, मी नीट होऊन येते. झोपलीय हे त्याने आपल्या मनाचं सांगितलं, त्या बिचाऱ्याला दुसरं सुचलं नाही. मी ब्लाउज घातला. हूक लागेनात. एक लागला की दुसरा लावेपर्यंत पहिला निघायचा. पिनांची डबीच हातातून पडली, निऱ्यांची पिन कपाटाखाली गेली. बाहेर तुमचे कप वाजत होते, तू हसलीस एकदा, ते ऐकलं. हूक लागेपर्यंत तू गेलेलीस. मी दारापर्यंत आले होते. खिडकीतून पाहिलं तर तू कोपऱ्यावर वळत होतीस. हाक मारली, पण माझी हाक आता खोलीबाहेर जात नाही.

सान्वीचं खोटं होतं. सोनल म्हणायची, आई, मावशीला सांगून टाक. मी म्हणायचे, सांगेन. काय सांगणार होते? तू यंत्र सापडलं म्हणून लिहिलंस, ये म्हणालीस, जागा कसली, तू होतीस म्हणालीस. मी वाचलं आणि मला ते कोपरे आठवले, चिमटीत धरलेले. ते हात नाहीत आता दर्शना. मी चहाचा कप निम्माच भरून घेते. रंग, ब्रश सगळे शाळेत देऊन टाकले मागच्या वर्षी. माझ्याशिवाय तुझं काम चालावं म्हणून मी ती एकट्या माणसाची रीत शोधून काढली. टेबल काढ असं टाइप करायला सांगितलं तेव्हा आनंदने विचारलं, "नक्की लिहू?" मी म्हटलं, लिही.

तू विचारलंस, यायचं नसेल तर सरळ लिही. सरळ लिहिते. मला यायचं आहे. मी येऊन काय करणार ते मला कळत नाही.

तुझी
माया


आंबिवली,
९ मार्च २०२४

माये,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. अक्षर मोठं आणि छान आहे, शेवटपर्यंत.

मी रागाने काय काय लिहिलं ते राहू दे. आपण समोरासमोर बसू तेव्हा मला बोल, मी ऐकून घेईन.

मी रडले वगैरे ते लिहीत नाही. कामाचं लिहिते. तुझं पत्र आल्यावर मी गोदाम पुन्हा लावायला काढलं. तू म्हणाली होतीस, माणसाला काम करताना बघ आणि मग वस्तू ठेव. तुला मी बघितलेलं नाही, पण आईला शेवटची वर्षं रोज बघितलं, तिचेही हात हलायचे. तर तेवढ्यावर केलंय. दारातला उंबरठा दादाने काढून टाकला, तिथे उतार केला. भिंतीला कमरेच्या उंचीवर गोल दांडा ठोकलाय, दारापासून यंत्रापर्यंत धरत धरत येता येतं. हाताची खुर्ची आहे, वहिनीच्या माहेरची, जड, सरकत नाही. जमिनीवरच्या वायरी वर नेल्या. रोलरची मूठ बारीक होती, तिच्यावर सायकलच्या टायरची ट्यूब गुंडाळली. आईचा चमचा मी असाच जाड केला होता.

आता मुख्य. तिला रिकामं बसवलं की हात जास्त हलायचा, पण जातं ओढायला दिलं की कमी. हे तिचं झालं. तुझं कसं आहे मला माहीत नाही, डॉक्टरांना विचार. पण कागदाचे कोपरे चिमटीत धरायचे असतात आणि रोलर मुठीत. चिमटी आणि मूठ यात फरक आहे. कागदाचे हात यापुढे माझे. मी शिकेन, साठीनंतर शिकतात माणसं. शाई तू घे. टेबलांची अदलाबदल केली आहे. तुझं टेबल आता खिडकीशी आहे, त्यावर शाई, आणि मी तुझ्या जागेवर उभी राहणार.

जमलं नाही तर नाही जमलं, ओटीवर बसू. या महिनाअखेरीस एका बुधवारी दादा गाडी घेऊन येईल. तो मी पाठवला नाही तरी येणार आहे, वहिनीने त्याला तुझं सगळं सांगितलंय. गाऊनवर ये. शाईच्या कामाला साडी कोण नेसतं?

दर्शना


नौपाडा,
२ एप्रिल २०२४

प्रिय दर्शना,

परवा सोनल आली तेव्हा तिला सगळं सांगून झालं. सान्वीला सांगून झालं. आनंद तर तिथेच होता, तरी त्यालाही रात्रीचं जेवण होईपर्यंत सांगत होते. पण तुला सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही, जरी तू माझ्या शेजारी उभी होतीस.

गोविंदादा आमच्या घरी आले, सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "ताई, तुमचं होऊ द्या सावकाश, मला घाई नाही." मी हूक लावत होते. हो, साडीच नेसले. तू नको म्हणालीस तरी. इतक्या वर्षांनी यंत्रासमोर जायचं म्हणजे मला तसं जाववेना. दादांनी वर्तमानपत्र पुन्हा पुन्हा वाचलं, पण घड्याळाकडे पाहिलं नाही.

गोदामात पाऊल टाकलं आणि शाईचा वास आला. मी दांडा धरून तिथेच थांबले. तुला वाटलं माझे पाय अडकले. तसंही होतं कधीकधी, पण तेव्हा ते नव्हतं. आपली दोन्ही टेबलं समोर होती आणि त्यांच्या मधे यंत्र. मला आपली खोली दिसली, आणि गिरणीचा आवाज कसा आला नाही असंच वाटलं क्षणभर.

पहिली छाप मी बिघडवली. शाई इतकी झाली की खिडकीचे गज बुजून गेले. दुसरी फिकी. मी म्हणाले, "राहू दे दर्शना, तुझं लाकूड फुकट जाईल." तू माझ्यामागे येऊन उभी राहिलीस. हात धरशील असं वाटलं, पण धरला नाहीस.

"ढकल," म्हणालीस. "मी बघतेय."

"बाहेर गेला तर?"

"पुसू."

मी ढकलला. रोलर जड आहे, त्याला एकदा वाट मिळाली की तो हाताला घेऊन जातो. थरथर होती, नव्हती असं नाही. पण ती रोलरच्या आत कुठेतरी राहिली. लाकडावर शाई एकसारखी बसत गेली. खूप वेळ लागला मला. तू कोरा कागद घेऊन उभी होतीस, आणि किती वाईट धरतेस गं तू कागद. मी म्हणाले, अंगठा वर, अंगठा वर घे, कोपरा आधी टेकव. तू म्हणालीस, मला शिकवू नकोस. मी म्हणाले, मग कोण शिकवणार? आणि आपण भांडलो. दादा दारात उभे राहून हसत होते. आनंदने माझा हा आवाज कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता, ते त्याने नंतर सांगितलं. इतका मोठा.

मग तू चाक फिरवलंस आणि कागद उचललास. खिडकी, गज, आणि बाहेर मिठाचे ढीग, स्वच्छ पांढरे.

तू विचारलंस, खाली सही कुणी करायची. मी उत्तर दिलं नाही कारण मला रडू येत होतं आणि शाईच्या हातांनी डोळे पुसता येत नाहीत. आज उत्तर देते. दोघींनी. माझी कशीही आली तरी.

आता दुसरं, ते तुला सांगायलाच हवं. हे वाढत जाणारं आहे. डॉक्टर म्हणाले, चाललंय ते चांगलं आहे, करत राहा, पण वाढणार. औषधाचा अंमल उतरला की संध्याकाळी मला खुर्चीतून उठवावं लागतं. तू सकाळची माया पाहिलीस. पुढच्या वर्षी मी रोलर धरू शकेन की नाही मला माहीत नाही. तू पुन्हा जागा लावलीस, उंबरठा काढलास, टेबलं बदललीस. तेव्हा पुन्हा बदलावी लागतील. हे सगळं तू माझ्यासाठी किती वेळा करणार?

तुझी
माया


आंबिवली,
५ एप्रिल २०२४

माये,

तुझं पत्र घेऊन गोदामातच बसलेय. लागेल तितक्या वेळा.

मला वाटायचं, जागा एकदा लावली की झालं, मग आपण काम करायचं. आता कळतंय की जागा रोजच लावावी लागते. आईचं अंथरूण मी ओटीवरून माजघरात नेलं, मग खिडकीशी, मग पुन्हा ओटीवर, तिला अंगण दिसावं म्हणून. कंटाळा आला नाही. तिला जिथून काम जमलं तिथून ती करत राहिली. उठता येत नव्हतं तेव्हा पडल्या पडल्या तांदळातले खडे सांगायची मला, तो बघ, तो राहिला.

तेव्हा पुढच्या वर्षी रोलर धरता आला नाही तर तू खुर्चीत बस आणि शाई जास्त झाली की कमी ते सांग. परवा ते तुला माझ्याआधी दिसत होतं. त्याच्या पुढच्या वर्षीचं तेव्हा बघू. मलाही गुडघे आहेत, चाक फिरवायला दादाला बोलवावं लागेल असं दिसतंय.

सह्यांचं बरोबर आहे. छाप वाळली आहे, भिंतीशी उभी करून ठेवलीय. तुझ्याशिवाय सही करणार नाही. अंगठा वर धरायचा सराव चालू आहे, जुन्या वर्तमानपत्रावर. वहिनी म्हणते, हिला काय झालंय.

पाडव्याला तुम्ही डोंबिवलीला सोनलकडे असाल, तर त्याच्या दुसऱ्याच दिवशी बुधवार येतो. दादा तिथूनच घेऊन येईल तुला. सान्वीला यायचं असेल तर येऊ दे, पण तिने काही धरायचं नाही, नुसतं बघायचं. या वेळी हातकागदावर छापू. तो आदल्या दिवशी ओला करून, फडक्यात गुंडाळून ठेवावा लागतो, आणि एकदा ओला केला की दुसऱ्या दिवशी छापावाच लागतो, नाहीतर बुरशी धरतो. मी मंगळवारी गुढी उतरवली की कागद भिजवणार आहे. म्हणजे मग तुझं जमेल-न जमेल असं काही राहणार नाही.

दर्शना